सांधा

वेढणं औषधाच्या पुडीतून आलं,
पुडीवर औशाच्या मेडिकलचा शिक्का.
मन्मथ बिराजदार म्हणाला, साखरपुड्याला सोळा दिवस आहेत,
हिऱ्याची अंगठी अशी करा
की पुढं ह्याच्या शेजारी, एकाच बोटात बसेल.
प्रणोतीने मोबाइलवर चित्रं दाखवली:
पाकळ्या, मुकुट, एक हंस.
त्याची आई पंख्याखाली बसून होती.
पाणी घेतलं, चहा नको म्हणाली.

काट्यावर चार ग्रॅम, वर दोनशे मिली.
सव्वाचार मासे, नाना आतून म्हणाले,
कुणी विचारलं नसताना.

स्कॅनरखाली धरलं तर
पडद्यावर वर्तुळ उमटेना.
तीन वेढे, तीन जाडीचे,
तळहाताकडची बाजू झिजून पत्र्यासारखी
(खुरप्याची मूठ तिथंच बसते)
आणि तिन्ही वेढ्यांवरून एक तिरकी रेघ,
कुणीतरी कापून पुन्हा जोडलेली.

कॉम्प्युटर विचारतो: दुरुस्त करू?
पुण्यात दोन वर्षं मी हेच शिकले,
मध्यबिंदू धरा, अर्धं काढा,
उरलेलं अर्धं आरसा काढतो.
एक बोट टेकवायचा अवकाश,
वेढणं गोल झालं असतं
आमच्या गंजगोलाईसारखं,
सोळा रस्ते ज्याच्या त्याच्या जागी.

हा सांधा घासून घेऊ का? दिसणार नाही.
मन्मथ हो म्हणतच होता.
आई बोलली, “कुटं बी बसवा खडा,
पर त्येला हात लावू नगा.”
आणि पदर सावरला,
जो सावरलेलाच होता.

नानांनी डोळ्याला भिंग लावलं.
रेवण जास्त झालीय, म्हणाले,
टाकणखार नीट फुलला नाही. नवशिक्याचं काम.
भिंग मात्र काढेनात.

गिऱ्हाईक गेल्यावर शटर अर्धं ओढून सांगितलं.
त्र्याण्णव साल. किल्लारीकडून ट्रक येत होते.
सिव्हिलमधून सराफ्यात निरोप आला,
कातर, कानस घेऊन कुणीतरी या.
मी एकोणीस वर्षांचा.
व्हरांड्यात माणसं, सुजलेली बोटं, नखांत माती,
अंगठ्या निघेनात.
बोट राहू दे, डॉक्टर म्हणाले, सोन्याचं नंतर बघू.
दिवसभर मी सोनं कापलं.
कुणाचं, ते विचारलं नाही.
वर्षानं एक बाई आली, रुमालात हे.
जोडताना हात थरथरत होता, म्हणून रेवण जास्त.
मजुरी घेतली नाही.

तुम्ही ओळखलं त्यांना?
त्यांना नाही, म्हणाले. सांध्याला.

त्या रात्री हंस गेला, मुकुट गेला.
अठरा सेंटचा हिरा, सुरतेचा, स्वच्छ,
कशाचाच काही पत्ता नसलेला.
चार नखांत तो बसवला, जरा डावीकडं,
झिजल्या बाजूला अंगठीही झिजल्यासारखी वळवली.
आणि सांध्याच्या शेजारी कडी मिटवलीच नाही:
तांदळाच्या कणीएवढी फट,
दोन टोकं समोरासमोर, न टेकता.

प्रणोतीनं विचारलं, इथं उघडी का?
हल्ली चालते अशी, मी म्हणाले.
खोटं नव्हतं.
बोट सुजलं तर हातानं फाकवता येते,
कातर लागत नाही,
हे नाना म्हणाले, फार हळू, काचेच्या कपाटाला.

आईनं दोन्ही एकत्र धरून
सांध्यावरून नख फिरवलं,
ते फटीत अडकलं, निघालं.
तिनं काही विचारलं नाही.

मन्मथनं बिल भरलं.
उंबऱ्यापर्यंत जाऊन ती परत आली,
चंचीतून घडी घातलेली पाचशेची नोट काढली,
काउंटरवर ठेवली.
“मागची मजुरी ऱ्हायली हुती.”

गेली.
नाना पावतीबुक उघडून बसले,
कोणत्या तारखेला लिहावं म्हणून
पानं मागं मागं उलटत.